चौथ्या नंबरचं पदक

१ जून २०२५, रविवार

तिसरीचं पदक काढून घेतलं.

सकाळी आशियाई संघटनेचा इंग्रजी मेल आला. एकदा डिक्शनरी न काढता वाचला, मग डिक्शनरी काढून वाचला. अर्थ तोच. २०११ च्या आशियाई महिला जिम्नॅस्टिक्स चषकात बॅलन्स बीमवर तिसरी आलेली मुलगी स्पर्धेच्या वेळी चौदा वर्षांची होती. अट होती त्या सालात सोळा पूर्ण होण्याची. तिचा निकाल रद्द. कांस्यपदक आता चौथ्या क्रमांकाला — स्वप्नाली बिरदेव कोळेकर, भारत.

आमची स्वप्नाली. कुपवाडच्या कारखान्यातल्या वॉचमनची पोर. मूळची जत तालुक्यातली, मेंढरांमागनं आलेली. कंपाउंडच्या भिंतीवरून अनवाणी चालताना मी तिला पहिल्यांदा पाहिली. सात-आठ वर्षांची असेल. भिंतीवर काचा लावलेल्या, त्या चुकवत चालली होती. त्याच आठवड्यात मी वर्कशॉपमध्ये तिच्यासाठी बीम केली. लोखंडी पाय, वर लाकूड, त्यावर कापूस आणि चामडं. रुंदी दहा सेंटिमीटर, नियमात आहे तेवढीच. माझ्या बीमवर कुणी कधी बोट ठेवलेलं नाही.

मी कुठल्या कॉलेजात हे शिकलो नाही. लेथ चालवणारा टर्नर माणूस. पुस्तकं मागवली, कॅसेटी पाहिल्या, नियमांचं इंग्रजी पुस्तक एकेक शब्द शोधून वाचलं. तिसरी वयानं लहान आहे हे मी २०१२ लाच लिहून कळवलं होतं. चषकाच्या दोन वर्षं आधी, तिच्या देशातल्या शालेय स्पर्धेच्या निकालात तिचं वय बारा दिलेलं होतं. उत्तर आलं — पासपोर्ट हाच पुरावा. त्यानंतर दरवर्षी लिहीत गेलो.

शेवटी झालं ते माझ्या पत्रांनी नाही. मार्चमध्ये ती स्वतःच तिकडच्या एका मुलाखतीत बोलली, की मला वय वाढवून पाठवलं होतं. एवढंच जरा लागलं.

मेलच्या शेवटी एक अट आहे. पदक देण्याआधी खेळाडू आणि प्रशिक्षक, दोघांनी सही करून हमी द्यायची, की खेळाडू वयाच्या नियमात बसत होती. तेवीस तारखेच्या आत. हे कलम माझ्याच एका पत्रातून उचललेलं दिसतंय. 'जो पदकावर हक्क सांगेल त्याच्याकडून आधी वयाची हमी घ्या' असं मी लिहिलं होतं. बरं वाटलं.

दिवसभर फोन वाजतोय. पण तो वाढदिवसाचा. कागदावर माझा जन्म एक जूनचा. खरा एकोणीस ऑक्टोबर, आईनं सांगितलेला. तारीख ठाऊक नसली की गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेब सोपा. आमच्या ग्रुपवर आज निम्म्या लोकांचा वाढदिवस आहे.

३ जून, मंगळवार

स्वप्नालीला फोन लागला एकदाचा. पाचगणीत धुकं उतरलं की रेंज जाते म्हणे. तिथल्या एका निवासी शाळेत ती खेळाची शिक्षिका आहे. अकरा महिन्यांच्या करारावर, दरवर्षी नवा करार. नवरा फौजेत, सध्या पठाणकोटला. चार वर्षांची मुलगी तिच्याजवळ.

मी बातमी सांगितली. फोन कानापासून काढून बघितला. म्हटलं रेंज गेली.

"ऐकतीयस ना?"

"हो सर."

"अगं, पदक तुझं झालं."

"तिचं परत मागितलं का हो? म्हणजे पार्सलनं पाठवायचं तिनं?"

हे काय विचारणं झालं! म्हटलं, चोरीचा माल कसा पाठवायचा ते चोर बघेल. तू तुझं बघ. आंतरराष्ट्रीय पदक असलं की सरकारी क्रीडा खात्यात थेट नेमणूक मिळते, कायमची. वयाच्या मर्यादेत तू अजून बसतेस.

"बघू सर," म्हणाली.

बघू! गेली चौदा वर्षं तिचं हेच. तक्रारीवर सही कर म्हटलं तर "तुमीच करा सर". पत्रकाराशी बोल म्हटलं तर पोटात दुखतं. मी याला तिचा साधेपणा समजत आलो. आज पहिल्यांदा राग आला. माणसानं इतकंही साधं असू नये.

५ जून, गुरुवार

जयराज येऊन गेला. आमच्या प्रभागाचा माजी नगरसेवक. निवडणूक येणार येणार म्हणून दोन वर्षं कडक इस्त्रीत फिरतोय.

"अण्णा, बावीस तारीख धरली. रविवार हाय. उघड्या जीपमधनं मिरवणूक, मंत्रीसाहेब येणार. स्वप्नालीताईंची नेमणुकीची फाईल त्यांच्याच हातनं पुढं सरकवायची."

पदक अजून हातात नाही म्हटलं, तर म्हणे, "मेल आलाय की. मेलची मोठी फ्रेम करू."

मग माझ्या फोटोंचा अल्बम चाळत बसला. "अण्णा, आयुष्यात एकदा बी हसला न्हाई व्हय? फ्लेक्सवर असलं तोंड लावलं तर लोकांना वाटंल श्रद्धांजली हाय."

माझी बायको गुणमाला आतल्या खोलीतून हसली. मीही हसलो. जयराजनं तेवढ्यात मोबाईलवर फोटो काढला. म्हणाला, "घावला!"

७ जून, शनिवार

हमीपत्र छापून आणलं. जाड कागदावर. सही उद्या, सगळ्यांच्या समोर करीन.

८ जून, रविवार

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

स्वप्नालीची आई हरणाबाई दुपारी आली. पेढे घेऊन. बिरदेव वारल्यापासून ती इथंच कुपवाडात पुतण्याकडे असते. गुणमालानं चहा टाकला. मी टेबलाशी, समोर हमीपत्र, पेनची निब पुसत होतो.

बायकांचं बोलणं आमच्या सुनेवर आलं. तिला दिवस गेलेत, पुण्यात असते. गुणमाला म्हणाली, "भाद्रपदात चंद्रग्रहण आहे म्हणे. आमच्यात पाळत नाहीत. पण जीव भितो."

हरणाबाई म्हणाली, "पाळायचं वैनी. मी पाळलं की. आमच्या स्वप्नालीच्या वक्ताला. ऐन दिवाळीत गिराण लागलं, सकाळच्या पारी उजेड बारीक झाला, कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. सासूनं मला आत घालून दार वडलं. ईळी हातात घिऊ दिली न्हाई का सुई. पोटात ही लाथा मारतीया अन् मी आपली अंधारात बसलीया."

निब हातातच राहिली.

त्या वर्षांत दिवाळीतलं सकाळचं सूर्यग्रहण एकच. चोवीस ऑक्टोबर १९९५. त्या सकाळी कारखान्यातले आम्ही सगळे वेल्डिंगची काळी काच हातोहात फिरवत सूर्य बघत होतो. मला ती तारीख कुणी सांगायला नको. आणि स्वप्नालीचा जन्म कागदावर एक जून १९९५. मी स्वतः पासपोर्टच्या अर्जात भरलेला. ग्रहणाच्या दिवशी ती पाच महिन्यांची पाहिजे. पाळण्यात. पोटात नाही.

मी विचारलं, शक्य तेवढं सहज, "मग झाली कधी?"

"शिमग्याच्या आदी. म्हैनाभर आदी आसंल."

"शाळेत तर जून पंच्याण्णव आहे."

हरणाबाई हसली. तिला यात काहीच वाटलं नाही. "ते व्हय अण्णा! चुलतबहीण शाळंत जायची हुती, ती एकटी जाईना. म्हनून हिलाबी संगं धाडली. गुरुजी म्हनलं, सहा भरल्याबिगर घेता येत न्हाई. ह्येनी म्हनलं, भरवा मग. गुरुजीनी वरीस वाढवलं. लय भला मानूस. न्हाईतर वर्सभर मेंढरांमागं घालवलं आस्तं तिनं."

पेढा खाल्ला तिनं मला दिलेला. चव कळली नाही.

म्हणजे फेब्रुवारी १९९६. म्हणजे स्पर्धेच्या वर्षी पंधरा. नियम सोळा.

तिसरी चौदा. चौथी पंधरा.

सही केली नाही. म्हटलं, शाई वाळली.

९ जून, सोमवार

लेथ सुरू केलं नाही. पोरांच्या सरावालाही सुट्टी.

११ जून, बुधवार

तिचीही तारीख एक जून आहे हे मला माहीत होतं. ते लपवत नाही. पण मला वाटायचं, गुरुजींनी दिवस आणि महिना टाकला असेल, वर्ष खरं असेल. वर्षाकडे कधी बघितलंच नाही. परदेशातल्या पोरीचं वय मी तिकडच्या निकालपत्रकांतून उकरून काढत बसलो होतो, आणि हिची आई माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर.

संध्याकाळी कोंडीबाकडे गेलो. तो कबड्डीच्या पोरांना शिकवतो, आम्ही जुने. नाव न घेता विचारलं, की एखाद्या खेळाडूचं वय शाळेनंच चुकवलेलं असलं, घरच्यांना काही लबाडी करायची नव्हती, तर?

"गड्या, तू मला विचारतोयस? आमच्या कुमार गटातली पोरं सकाळी आपलं पोरगं बालवाडीत सोडून मॅचला येत्यात."

"चेष्टा नको."

"चेष्टा न्हाई रं. एक जून हा आपल्या जिल्ह्याचा सणच हाय. कुणाकुणाला धरशील?"

मी म्हटलं, तुमच्याकडं वय कमी करतात. इथं वाढवलेलं असेल तर?

"मग त्यात कुणाचं काय गेलं? ल्हान पोरगी मोठ्यांत खेळली, उलट शाबासकी द्या."

हाच युक्तिवाद तिसरीच्या देशानं २०१३ साली केला होता. मी त्यावर चार पानं लिहिली होती. बीमवर लहान वय म्हणजे हलकं अंग, मोकळे सांधे, भीती कमी. सोळा पूर्ण झालेल्या मुलीचं अंग बदललेलं असतं, तिला ते सगळं नव्यानं सावरावं लागतं. लहान पोरगी तिथं मोठ्यांत खेळत नसते, मोठ्यांच्या तोंडचं काढून घेत असते. शिवाय कोवळ्या हाडांना इजा होते म्हणून तर नियम केलेला. ही चार पानं मला पाठ आहेत.

आज आठवलं, पाचवी एक होती. व्हिएतनामची. निकाल लागल्यावर टॉवेल डोक्यावर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिचा कोच तिच्या शेजारी बसून नुसता बुटाची नाडी सोडत आणि बांधत होता. मी त्यांच्यासमोरून गेलो. आपल्याच दुःखात होतो, थांबलो नाही.

पदक तिचं आहे. आमचं नाही.

१२ जून, गुरुवार

झालंच तर असं होईल. सही केली तर तिसरीच्या कोचमध्ये आणि माझ्यात फरक उरत नाही. त्याला तरी हुकूम असेल वरून. नाही केली तर स्वप्नालीची नेमणूक गेली. खरं लिहिलं तर नेमणूक गेलीच, शिवाय चौथा नंबरही जाईल, आणि पाचगणीची शाळा तिला ठेवते ती 'आंतरराष्ट्रीय खेळाडू' म्हणून. ती पाटी गेली की पुढच्या वर्षीचा करार कोण करतंय? नवऱ्याचं घर गावाकडे, तिथं तिला काय काम.

आणि तिचा काय दोष? पाच वर्षांची असताना चुलतबहिणीचा हात धरून शाळेत गेली, एवढाच.

कुठूनही निघालो तरी भिंतच येते.

१४ जून, शनिवार

पाचगणीला जाऊन आलो. तिला समोर बसवून सांगायचं ठरवलं होतं. साताऱ्यात एस.टी. बदलली, वाईच्या पुढं घाट, सगळं वाक्य मनात तयार होतं.

शाळेच्या हॉलमध्ये ती लहान मुलांना कोलांट्या शिकवत होती. मोठ्या घरची पोरं, इंग्रजीत रडणारी. मानेखाली हात देऊन प्रत्येकाला फिरवत होती. हनुवटी छातीला, पाठ गोल — माझेच शब्द, इंग्रजीत. एक मुलगा धावत पुढच्या रांगेत घुसला. तिनं त्याला परत पाठवलं. "यू आर स्मॉल. वेट." बाहेर धुकं इतकं की खिडक्यांना पांढरं कापड लावल्यासारखं वाटत होतं.

नंतर तिच्या खोलीवर गेलो. तिची मुलगी राजनंदिनी माझ्या खांद्यावर चढून बसली. स्वप्नालीनं भाकरी आणि घेवड्याची भाजी वाढली. मी कसं सुरू करावं ते जुळवत होतो. तीच म्हणाली, "सर, तुम्ही सही केली का?"

"करायची आहे."

"घाई करू नका."

"तू केलीस?"

"न्हाई."

मी म्हटलं, नेमणूक कायमची आहे, राजनंदिनीला एका जागी शाळा मिळेल. ती ताटाकडे बघत होती. मग म्हणाली, "सर, पाचवी कोण हुती, तुम्हाला आठवतीय?"

 म्हटलं, "व्हिएतनामची. का?"

"काय न्हाई. उगंच. तिला कुणी कळवलं आसंल का, म्हणून."

मला वाटलं, हिचा स्वभावच असा. सगळ्यांची काळजी. अशा पोरीला मी काय सांगू? की तुझ्या आईच्या एका वाक्यानं तुझी नोकरी, तुझं नाव, सगळं जातंय? राजनंदिनी माझे केस ओढत होती. मी सांगितलं नाही. एस.टी.ला सोडायला आली तेव्हा वाकून पाया पडली. नेहमी पडते. आज मी पाय मागं घेतले.

१५ जून, रविवार

गुणमालाला सगळं माहीत आहे हे मी विसरलोच होतो. तीही तिथंच होती चहा घेऊन.

आज तिनं स्वतःच काढलं. "तुम्ही ऐकलंच नाही असं समजा."

"ऐकलंय."

"बायका बायका बोलत होतो. तुम्हाला कान द्यायला कुणी सांगितलं होतं? इतकी वर्षं माझं एक वाक्य ऐकू आलं नाही, आणि हरणाबाईचं बरं आलं!"

मी म्हटलं, वेळ चेष्टेची नाही. ती म्हणाली, "मी चेष्टा करत नाही. त्या पोरीनं तुमच्यासाठी गुडघे सोलले, तुमच्यासाठी दोनदा हात मोडून घेतला. आता ह्या वयात तिचं ताट ओढून घेणार, ते कशासाठी? तुम्ही बरोबर ठरावं म्हणून?"

एवढं बोलून ती आत भांडी घासायला गेली. 

थोड्या वेळानं परत आली, ओले हात पुसत. "त्या पाचवीला मुलंबाळं असतील का हो?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

१८ जून, बुधवार

जयराज हमीपत्र मागायला आला. स्कॅन करून मंत्र्यांच्या माणसाला पाठवायचंय.

"अण्णा, अजून कोरं? पेन देऊ?"

म्हटलं, एक शब्द तपासतोय. इंग्रजी अवघड आहे.

"तुमाला इंग्रजी अवघड? नियमाचं अख्खं पुस्तक पाठ हाय म्हणून सांगत फिरतोय मी माइकवर." मग माझ्याकडे नीट बघितलं. आवाज उतरवला. "काय भानगड हाय का?"

"नाही."

"आसली तरी मला सांगू नका. जीप ठरली, मंत्र्यांचा दौरा लागला, स्वप्नालीताईंच्या सासरहून दोन गाड्या येणारायत. आता मागं फिरायचं म्हणजे माझी शोभा, त्यांची शोभा, तुमची तर काय बोलायलाच नको."

तो गेल्यावर पेन उचललं. जवाहर एवढं लिहिलं. पुढं आडनाव लिहायचं होतं. हात थांबला. मगदूम लिहायला एवढा वेळ कधी लागला नव्हता. तसाच ठेवला कागद. जवाहर एकटाच.

२० जून, शुक्रवार

चौकात फ्लेक्स लागला. 'चौदा वर्षांची लढाई, अखेर सत्याचा विजय.' मी हसतोय. दोन्ही बाजूंनी हसतोय, फ्लेक्स दुहेरी आहे. वर्कशॉपला मागच्या गल्लीनं गेलो.

सरावाच्या हॉलच्या दारावर मी पूर्वी पाटी रंगवली होती. 'वयाचा खरा दाखला असल्याशिवाय प्रवेश नाही.' आज त्या पाटीखालून आत जाताना वाकलो. दार नेहमीइतकंच उंच आहे.

संध्याकाळी स्वप्नालीला फोन लावला. ठरवूनच. उचलला नाही. पुन्हा लावला नाही. बरंच झालं असंही वाटून गेलं. हे लिहून ठेवतो.

२१ जून, शनिवार

ठरत नाही.

२२ जून, रविवार

स्वप्नाली पहाटेच्या गाडीनं निघून आली. सत्काराची साडी नाही, अंगात जुना ट्रॅकसूट. गुणमालानं चहा ठेवला तो तसाच राहिला.

"सर, मी काल त्यांना मेल केला. माझा जन्म फेब्रुवारी शहाण्णवचा, पदक पाचवीला द्या, असं. सरांना यातलं माहीत नव्हतं, असंबी लिहिलंय. जयराजदादांना आता सांगते जाऊन."

मी म्हटलं, मला दोन आठवडे माहीत आहे. तुला कुणी सांगितलं?

"मला कोण सांगायला पाहिजे? आई मला गिराणातली पोर म्हणूनच हाक मारायची. तुमी कधी विचारलं न्हाई, आणि मला तिकडं जायचं हुतं." मग म्हणाली, तिसरीलाही हिचं वय माहीत होतं. स्पर्धेच्या आधी दोघी हाताला लावायच्या पावडरच्या भांड्याशी उभ्या होत्या. भाषा येत नव्हती. तिसरीनं छातीवर हात ठेवला आणि बोटं दाखवली. दहा, मग चार. हिनं दहा आणि पाच दाखवली. दोघींना इतकं हसू आलं की कोचनं येऊन वेगळं केलं. तो कोच म्हणजे मी. मला वाटलं होतं, सरावात लक्ष नाही.

मी विचारलं, सगळा देश तिसरीच्या अंगावर आला, पदक गेलं, तरी मुलाखतीत तिनं तुझं नाव कसं घेतलं नाही?

स्वप्नाली म्हणाली, "मी तरी तिचं तुम्हाला कुठं सांगितलं, सर?"